खिंडीतला पत्रा

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं डोकं घासून अंकिताने एक पत्रा तयार केला होता. टेबलाएवढ्या त्या पत्र्यावर नखाएवढ्या तांब्याच्या हजारो कड्या होत्या, प्रत्येक शेजारणीपेक्षा जराशी वेगळी. साध्या पत्र्यावर मोबाइलची लहर आपटली, की आली त्याच तिरकेपणाने ती पलीकडे निघून जाते. या कड्या तिचा कान धरून हव्या त्या दिशेला वळवायच्या.

वळवायची होती पाटणजवळच्या त्यांच्या वाडीत. टॉवर डोंगरापल्याड, फोन लागायचा तो वरच्या खिंडीतच. आई, मनुबाई, दर रविवारी तिथवर चढायची आणि वाऱ्यावर ओरडून सीमेवरच्या साईराजशी बोलायची. चार महिन्यांपूर्वी तिचा खुबा मोडला. तेव्हापासून लेकाचा आवाज तिच्या कानी पडला नव्हता, आणि हे अंकिताच्या जिवाला लागून राहिलं होतं.

शनिवारी पत्रा खिंडीत उभा राहिला, वाडीतल्या फोनवर सिग्नलच्या चार रेघा उमटल्या. रविवारी अकराला साईराजचा फोन यायचा होता. साडेनऊला बघते तर एकही रेघ नाही. अंकिता धापा टाकत खिंडीत पोचली. पत्रा चांदीसारखा चकाकत होता आणि शेजारी वडील, निवृत्त सुभेदार कृष्णात, ब्रश पुसत उभे होते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या या माणसाला उघडा धातू बघवतच नसे. फाटक, पंप, पाण्याची टाकी, काही म्हणता काही त्यांनी सोडलं नव्हतं.

"आबा, हे काय केलंसा?"

"पावसात खराब हुईल म्हनून सिल्वर मारला. दोन हात."

"आवं, त्यात ॲल्युमिनियमची पूड हाय. कड्या गपगार झाल्या. आता लहर जातीया पल्याडच्या जंगलात."

सुभेदारांचा चेहरा पडला. पण सबबी सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"थिनर हाय, चिंध्या हायेत. किती वाजंपत्तुर?"

"अकराच्या आत."

दोघं भिडले. बोटं चुरचुरायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबले नाहीत. अकराला दोन मिनिटं असताना शेवटची कडी तांबूस उघडी पडली. आता खाली पळण्यात अर्थ नव्हता. अंकिता वाडीकडे बघत राहिली.

आणि मग खालून, घराच्या अंगणातून, मनुबाईचा खिंडीतला जुना खणखणीत आवाज वर आला.

"साईराज, मी कुटंबी चढले न्हाई रं. आज तूच घरी आलायस."