पायावर पाणी

झेंडूच्या सरीत पडलेला रबरी पाइप कलाबाईनं उचलला आणि ओढत नाल्याकडे निघाली, तसा तिचा नवरा कोंडाजी बांधावर आडवा उभा राहिला.

"पाइप घेऊन कुठं चालली?"

"नाल्यात सोडते पाणी."

"डोकं ठिकाणावर हे का तुझं? पाडव्याला तोडा यायचाय, झेंडू माना टाकून राहिला, आन् तू मोटरीचं पाणी नाल्यात ओतती?"

"एक दिस पाणी नाय दिलं तर झेंडू मरत नाय," कलाबाई म्हणाली. "आपल्या वाल्मीकचं पोर मेलं."

कोंडाजी गोठ्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त भांडण अंगावर यायला लागलं की बैलांना पाणी पाजायची त्याला हटकून आठवण यायची. तरी जाता जाता पुटपुटला, "पाणी ओतून ते माघारी येणारे का?"

"ते नाय येणार. दुसरं यायचंय ना."

पिंपळदऱ्याचं गावठाण नाल्याच्या अलीकडे, आणि कलाबाईची मळेवस्ती पलीकडे. वस्तीवरची सगळी घरं फुलं आणि भाजीपाला पिकवून पंचवटीच्या बाजारात नेणारी. पहाटे पाट्या भरायच्या, नाला ओलांडून गावात यायचं, तिथून टेम्पो. नाल्यावर जायला-यायला दगडाची एक फरशी होती, पण ती इतकी बुटकी की उन्हाळ्यात तिच्यावरून कोंबडी चालत जाई आणि पावसाळ्यात माणूस वाहून जाई. आषाढ लागला की वस्ती तुटली. मग तोडलेली फुलं खळ्यात सडत, मास्तर सुट्टी देत आणि आजारी माणूस पाणी उतरायची वाट बघत पडून राही.

मागच्या श्रावणात सुवर्णाला, म्हणजे कलाबाईच्या सुनेला, वेळेआधी कळा सुरू झाल्या. वाल्मीकनं आणि शेजाऱ्यांनी तिला बाजेवर घालून नाल्याच्या काठापर्यंत आणली. पलीकडे गावातली जीप उभी होती, दिवे लावून, हॉर्न वाजवत. मध्ये गढूळ पाणी. पाणी उतरेना आणि पोर थांबेना. काठावरच्या बाभळीखाली, पोतं पांघरून, कलाबाईनंच बाळंतपण केलं. मुलगा होता. थोडा वेळ रडला आणि मग रडायचा थांबला. जीप तशीच माघारी गेली.

आता सुवर्णाला पुन्हा दिवस गेले होते आणि ते श्रावणातच भरत होते. कलाबाईला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना, फुलं तोडताना तिच्या मनात श्रावण यायचा आणि हातातलं काम थांबायचं.

त्यात आली जिल्हा परिषदेची निवडणूक. सत्त्याण्णव साल. गटाची जागा बायकांसाठी राखीव झालेली, त्यामुळे वर्षानुवर्षं मेंबर असलेल्या देवराम आण्णानं बायकोला, चतुराबाईला, उभी केली. त्यांच्या विरोधात शहरात गंगापूर रोडला राहणाऱ्या शुभांगीताई. त्या दोन दिवसांपूर्वी वस्तीवर येऊन गेल्या होत्या. पांढरी गाडी कोरड्या नाल्यातून भुर्रकन वर आली. कलाबाईनं पुलाचं काढलं तेव्हा ताईंनी मागे वळून नाल्याकडे बघितलं. तिथं शेळ्या चरत होत्या.

"ह्यातून पाणी जातं?" ताईंनी विचारलं. "बरं, आपण पर्यायी मार्गाचा अभ्यास करायला लावू."

देवराम आण्णाचं म्हणणं तर सगळ्यांना पाठच होतं. मागच्या निवडणुकीत तो ह्याच फरशीवर उभा राहून म्हणाला होता, "कलावहिनी, नाल्यात चूळ भरायला पाणी नाय, आन् तुम्ही पूल मागता?" सोबतचे सगळे हसले होते. वस्तीवरचेही काही हसले होते, ते कलाबाई विसरली नव्हती.

शुभांगीताईंची गाडी गेली आणि कलाबाई शेजारच्या भागीबाईजवळ जाऊन बसली.

"आपलं मरण श्रावणात," ती म्हणाली, "आन् विलेक्शन येती फाल्गुनात. ह्यांनी पाणी कव्हा पाहावं?"

"मंग काय करती? श्रावण काय आपल्याला आधी आणता येतो?"

"येतो," कलाबाई म्हणाली.

आण्णाची प्रचारफेरी वस्तीवर येणार होती, तिच्या आदल्या दिवशी बायकांनी फरशीच्या खालच्या अंगाला मातीची पोती रचून नाला अडवला होता. आता, सकाळी लाईट आली तशा वस्तीच्या सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या आणि सगळ्यांचे पाइप नाल्यात पडले. कोणाचं टोमॅटो तहानलं, कोणाची काकडी. पुरुष कुरकुरले, पण पोती हलवायला एकही पुढे आला नाही. दुपार कलायच्या आत फरशी दिसेनाशी झाली आणि पाणी मांडीला लागू लागलं. ऐन फाल्गुनात नाला भरलेला पाहून गुरं बिचकली.

ऊन उतरताना हलगी वाजली. पुढे देवराम आण्णाचा गावातला खंदा कार्यकर्ता चिमाजी, मागे भोंगा बांधलेली जीप, आणि तिच्यामागे अर्धं गाव. जीप काठावर येऊन कच्चकन थांबली.

"चिमाजी, हे काय रे?" आण्णाचा आवाज भोंग्यातूनच आला. माइक त्याच्या हातातच असायचा.

"वरचा पाट फुटला जणू," चिमाजी म्हणाला. "ड्रायव्हर म्हणतो, इंजिनात पाणी जाईन."

पलीकडच्या काठावर वस्तीच्या बायका ओळीनं उभ्या होत्या. सुवर्णाच्या हातात औक्षणाचं ताट. कलाबाईनं पदर खोचला आणि मोकळ्या आवाजात हाक दिली.

"आण्णा, पाहुणा आला का पायावर पाणी घालायची रीत हे ना आपल्यात? तुम्ही एवढे मोठे पाहुणे, तांब्याभर पाण्यात तुमचं काय व्हायचं? म्हणून सगळ्या वस्तीनं मिळून घातलंय. या, पाय भिजवा आन् वर या."

गावातले लोक हसायला लागले. आण्णाही हसला, कारण मतं मागायला आलेल्या माणसाला हसावंच लागतं. पण त्याचं धोतर नुकतंच धुतलेलं, इस्त्रीचं होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर पलीकडे कोंडाजीवर गेली. कोंडाजी कडबा आणायला बैलगाडी जुंपून तिथेच उभा होता.

"कोंडाजी, घाल बरं गाडी पाण्यात. आम्हाला पल्याड घे."

सगळा काठ कोंडाजीकडे बघायला लागला. ह्या माणसानं आण्णाचा शब्द जन्मात मोडला नव्हता. कलाबाईनं त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर त्याला अवघड गेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. कोंडाजीनं डोकं खाजवलं, जू खाली टेकवलं आणि बैल मोकळे केले.

"बैलांना पाणी पाजायचंय, आण्णा," तो म्हणाला.

आण्णाच्या कपाळावर आठी आली, पण भोंगा गोडच बोलला. "असू द्या. मी हितूनच बोलतो. माता-भगिनींनो, पुलाचा प्रश्न माझ्या काळजात हे. पूल मंजूर हे. फाईल मुंबईला हे. तुम्ही फक्त निवडून द्या, पहिला नारळ ह्या नाल्यावर."

"मागं पाणी नव्हतं म्हणून पूल नव्हता," कलाबाई म्हणाली. "आज पाणी हे, तर फाईल मुंबईला गेली. आन् आण्णा, उभे तुम्ही हे का? पत्रकावर फोटू तर बाईंचा हे. आम्हाला बाईंचं म्हणणं ऐकायचंय."

"तिचं आन् माझं काय वेगळं हे?"

"ते आम्ही ऐकून ठरवू."

चतुराबाई जीपमध्ये पुढे बसली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले. गेले काही दिवस गावोगाव ती तशीच बसत होती. हात कधी जोडायचे आणि कधी सोडायचे एवढंच तिला सांगितलेलं होतं. तिनं सावकाश हात सोडले आणि ती खाली उतरली.

"तू कुठं निघाली? बस जाग्यावर," आण्णा म्हणाला.

"पायावर पाणी घातलंय त्यांनी," चतुराबाई म्हणाली. "तसंच माघारी जायचं म्हंजे घरच्या बाईचा अपमान होतो. एवढं मला आईनं शिकवलंय."

तिनं चपला काठावर काढल्या, नेसूचा ओचा वर घेतला आणि ती पाण्यात शिरली. हलगीवाला वाजवायचा थांबला. मध्यावर आल्यावर तिचा पाय शेवाळावरून सरकला. सुवर्णा पुढे झाली तशी कलाबाईनं तिला मागे ढकललं आणि स्वतः पाण्यात उतरून चतुराबाईचा दंड धरला. दोघी निथळत काठावर आल्या.

सुवर्णानं कुंकू लावलं, ओवाळलं. चतुराबाईची नजर तिच्या पोटावर गेली.

"कितवा?"

"चौथा लागलाय. श्रावणात भरत्यात," सुवर्णा खाली बघत म्हणाली.

"पहिलं?"

कलाबाईनंच बाभळीकडे बोट केलं आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. ती जीप, तो हॉर्न, तो थोडा वेळचा रडका आवाज.

चतुराबाई बाभळीकडे बघत राहिली. तिच्या ओल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. मग ती हळूच म्हणाली, "मागच्याच श्रावणात ना? नळे त्याच्या आधीच आलते."

"कसले नळे?"

"सिमिटाचे. मोठाले. ह्या फरशीखाली टाकून तिला उंच करायची म्हणून सरकारातून आले, आन् आमच्या मळ्यात उतरले. काही आमच्या पाटावर घातले, काही तसेच पडलेत. कोंबड्या बसत्यात त्यांच्यात. रोज सांजच्याला मीच कोंडते."

सडलेली फुलं, बुडालेले बाजार, सगळं कलाबाईनं देवाच्या नावावर सोडलं होतं. पोर गेलं तेही नशिबाच्या नावावर सोडलं होतं. आणि ज्यानं ते वाचलं असतं ते कोंबड्यांच्या खाली पडून होतं. तिला आधी रडू आलं, आणि मग ह्या लोकांसमोर रडू आलं म्हणून भयंकर राग आला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हे मला नका सांगू, बाई," ती म्हणाली. "तिकडं तोंड करा आन् सगळ्यांला सांगा. तुम्ही उमेदवार हे ना?"

चतुराबाई वळली. आयुष्यात पहिल्यांदा ती गावासमोर मोठ्यानं बोलली, म्हणून आवाज आधी चिरकला.

"पुलाचं मला कळत नाय. मुंबईचं कळत नाय. ह्या फरशीचे नळे आपल्या मळ्यात पडलेत, ते कळतं. ह्या लोकांचे हे ते. आजच आणून द्यायचे, हे माझं म्हणणं."

"तुला काय अक्कल हे का?" आण्णा खेकसला. "पाटावरचे नळे काढले तर आपला ऊस काय तुझा बाप भिजवणारे?"

माइक त्याच्या तोंडासमोरच होता. भोंग्यानं ते वाक्य गावठाणात, देवळात, शाळेच्या पटांगणात, पार पलीकडच्या शिवारात पोचवलं. चिमाजीनं झटकन बटण दाबलं, पण आता दाबून काय उपयोग होता? गावातले लोक, जे इतका वेळ हसत होते, ते जीपभोवती सरकले. पावसाळ्यात त्यांचीही पलीकडची रानं तुटत होती.

मग भोंगा पुन्हा खरखरला. "तर मंडळी," आण्णा म्हणाला, "तेच जाहीर करायला आम्ही आलो होतो."

कलाबाईनं पोती फोडायला लावली. पाणी वाहून गेल्यावर आण्णाचाच ट्रॅक्टर त्या नाल्यातून नळे घेऊन आला, आणि पुढच्या फेरीला कोंडाजीनं बैलगाडीही जुंपली. नळ्यांना कोंबड्यांची पिसं चिकटलेली होती. ती सुवर्णानं बसून एकेक काढली. अक्षय तृतीयेच्या आत वस्तीच्या माणसांनी माती-मुरूम घालून फरशी उंच केली. पूल काही झाला नाही. तो मुंबईलाच राहिला.

निवडणुकीत चतुराबाई आली. आण्णा सगळीकडे सांगत फिरला की आपण आलो.

त्या वर्षी श्रावण जोरात लागला. नाला दुथडी भरला आणि नळ्यांच्या तोंडांतून घुमत वाहू लागला. सुवर्णाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा कोंडाजीनं बैलगाडी त्या पाण्यावरून हळूहळू पलीकडे नेली. कलाबाई मागे बसली होती. बाभळीपाशी तिनं डोळे मिटले आणि फरशी संपल्यावर उघडले. गावात जीप उभी होती. मुलगी झाली, आणि अशी रडली की दवाखान्यातली नर्स कावली. कलाबाईनं तिला गप्प करू दिलं नाही. रडू द्या, म्हणाली.

बारशाला चतुराबाई आली. कलाबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं वाकून चतुराबाईच्या पायावर पाणी घातलं आणि पदरानं पाय टिपले. मागोमाग देवराम आण्णा आला. बूट काढून त्यानं उजवा पाय पुढे केला आणि उभा राहिला.

कलाबाईनं तांब्या सरळ धरला.

"तुमचं पाणी आम्ही फाल्गुनातच घातलं होतं, आण्णा," ती म्हणाली. "तुम्ही पाय भिजवला नाय."

आणि तांब्यात उरलेलं पाणी तिनं दारातल्या झेंडूला घातलं.