पटावरचा केसवाला

१९९३ साली माजरीत कमरेपर्यंत केस असलेला गडी एकच होता आणि तो नेमका न्हाव्याचा पोरगा होता. मोहसीन. त्याचे वडील जाफरभाई यांचं सलून चौकात, आणि सलूनच्या ओट्यावर हा केस सोडून बसलेला. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे पाहायचं, मग जाफरभाईच्या कात्रीकडे, आणि पुढच्या दुकानात जायचं.

सारा दोष एका व्हिडिओ कॅसेटचा. ती गावच्या कोळसा खाणीतल्या एका इंजिनियरच्या पोरानं नागपूरहून आणली होती. कव्हरवर पाच बाप्ये. ओठांना लिपस्टिक, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या वाघपट्ट्यांच्या विजारी, आणि केस असे की सुगरण पक्ष्यानं घर करून राहावं. ऐंशीच्या दशकातलं विलायती रॉक. तिकडे ही फॅशन तोवर आटोपली होती, पण माजरीला तसं कोणी कळवलं नव्हतं.

मोहसीननं बँड काढला. गिटारवर सुनिल, तो वेल्डिंगच्या दुकानात होता. ड्रमवर लटारू, चामोर्शीकडचा, लग्नाच्या बँडात ढोल बडवणारा. विजारी सोफ्याच्या कापडातून शिवल्या. लिपस्टिक बहिणीची, नजमाची, न विचारता. मोहसीनचा आवाज इतका वर जायचा की पहिल्याच सरावाला भोंगा झाला समजून एक पाळी वेळेआधी वर आली, दुसरी वेळेआधी खाली गेली आणि त्या दिवशी कोळसा दीडपट निघाला. याबद्दल माजरीत दुमत आहे, पण ते फक्त कोळशाच्या आकड्याबद्दल.

गाणं मात्र कोणी पुरतं ऐकलं नव्हतं. गणपतीत दुसऱ्या कडव्याला माईक काढून घेतला. एका लग्नात नवरीच्या मामानं जनरेटर बंद केला.

"एक काम कर," जाफरभाई म्हणाले. "एक गाणं शेवटपर्यंत ऐकणारी माणसं दाखव मले. मंग तुह्या केसाचं नाव नाई काढत. नाई तं खुर्चीत बसाचं."

"कबूल, अब्बा."

"मी संग येतो. कात्री घेऊन."

लटारूच्या गावी जानेवारीत शंकरपट होता. बैलजोड्यांच्या शर्यतीला दहा गावं लोटायची. जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बँड वाजवायचं ठरलं. केस कव्हरवरल्यासारखे उभे राहावे म्हणून केसांचा विलायती फवारा लागतो, आणि तो त्या गावात कुठून मिळणार?

"धावड्याचा डिंक हाय न आमच्या इथी," लटारू म्हणाला. "लाकूड चिकटते, तं केस काय चीज हाय?"

डिंक उकळून डोक्याला चोपडला. सकाळी केस झकास उभे राहिले. दुपारच्या उन्हात ते वाळले आणि एकेका बटेचा सोट झाला.

गाणं सुरू झालं. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे मोहसीननं मान फिरवायला घेतली. आता त्या भागात डोक्यावर जटा, चेहरा रंगलेला, मान गरगरा आणि तोंडातून न समजणारे शब्द, याचा अर्थ लहान पोरही सांगेल: अंगात देव आला. लोकांनी चपला काढल्या. बायांनी डोक्यावर पदर घेतले. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला गेला. लटारूचे हातही सवयीनं गावच्या ठेक्यावर गेले. पटाचे बैलसुद्धा रवंथ थांबवून उभे होते असं म्हणतात. मी बैलांना विचारलं नाही.

गाणं शेवटपर्यंत झालं. कोणी हललं नाही. जाफरभाई कात्री धरून उभे होते आणि त्यांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

व्हिडिओतले लोक शेवटी करतात तसा मोहसीननं एक हात लांब केला आणि पहिलं बोट व करंगळी ताठ केली.

"शिंगं!" सुकरी नावाची म्हातारी उठून उभी राहिली. "माहा पांढरा बैल! हप्ता झाला गेल्याले. देव नदीकडं दाखवून राह्यला!"

गर्दीतले दोघं पळत गेले. बैल नदीकडेच सापडला, कोणाच्या तरी लाखोळीच्या शेतात चरत.

मोहसीन ट्रॉलीवरून उतरला. "बाई, मी गाणं म्हणून राह्यलो होतो. देव नोहो मी."

"देव असंच म्हणते," सुकरी म्हणाली.

"माय, हा माहा पोरगा हाय," जाफरभाई मध्ये पडले. "आमी मुसलमान."

"देव काय घर पाहून येते काय, भाऊ? अन् हे कात्री काऊन आणली? जटीले हात नोको लावू, सांगून ठेवतो."

केस वाचले. पुढल्या महिन्यात जिकडे पट तिकडे मोहसीन. लोक चपला काढून बसत, गाणं सुरू होताच हाताकडे डोळे लावत. हात कुठं जातो? हरवलेला बैल, शेळी, नांगराचा फाळ, एका बाईचा रुसून गेलेला जावई. जावई खरंच त्या दिशेला सापडला, पण यायला तयार नव्हता. जाफरभाईचं सलूनही भरलं. देवाच्या बापाकडून दाढी करायला लोक पार लांबच्या कोरपन्याहून येऊ लागले.

एके दुपारी मोहसीन गुमान खुर्चीत बसला.

"काटो, अब्बा."

"काऊन? जिंकला न तू?"

"कोणी ऐकत नाई, अब्बा. हात पाहतात."

जाफरभाईनं कात्री खिशात टाकली. "दुकानात बसाले जागा नाई आता, अन् तू काटो म्हणते? जा, दुसऱ्या न्हाव्याकडं जा."

दुसऱ्या न्हाव्यानं हात जोडले. तिसऱ्यानं दुकान बंद केलं. शेवटी सुनिलनं लोखंड कापायच्या पात्यानं ते सोट उतरवले. ठिणग्या उडाल्याचं सुनिल सांगतो, पण तो वेल्डर आहे, त्याला सगळीकडे ठिणग्या दिसतात.

मग बँडचे तिघं चामोर्शीच्या बाजारात गेले. मोहसीनचं डोकं कापलेल्या धानाच्या बांधीसारखं, नुसते खुंट. ना लिपस्टिक, ना काजळ. मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यानं सूर लावला. लोक वांगी निवडत राहिले. मोहाच्या फुलांची टोपली घेऊन एक बाई थांबली.

"बाबू, तो केसवाला कवा येते?"

"नाई येत आता तो."

"येईन," ती म्हणाली. टोपली खाली ठेवून तिनं फतकल मारली. "तोवर तुह्यं आयकतो. म्हण."

मोहसीननं पहिल्यापासून सुरू केलं.