आईने जपलेलं मीठ

आईने कपाटाचं कुलूप काढलं, आतला स्टीलचा डबा फडक्याने पुसला आणि मोठ्या दिमाखात लेकीसमोर ठेवला.

"घे बाई तुझं मीठ. एका दाण्याला हात लावला असेल तर शपथ!"

लेकीने कपाळावर हात मारला. "अगं आई, वापर म्हणून दिलं होतं ना मी!"

लेक मिठाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. मिठात आयोडीन तर सगळेच घालतात, तिने लोहही घातलं होतं, बायापोरांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून. पण या दोघांचं साप-मुंगसाचं वैर! जरा दमट हवा लागली की लोह मिठाला पिवळं करतं आणि आयोडीन पसार होतं. पहिल्या खेपेला नेमकं तेच झालं, आणि गिऱ्हाइकांनी पिशव्या परत आणून दुकानदारांच्या तोंडावर फेकल्या. मग हिने हट्टाला पेटून लोहाच्या कणाकणावर लेप चढवला. प्रयोगशाळेतल्या बंद बरणीत ते मीठ झकास टिकलं. पण मोठे साहेब कसले ऐकतात!

"बरणीतलं कौतुक नको," ते आजच म्हणाले होते. "दमट महिने एखाद्या चुलीशेजारी काढलेलं मीठ उद्या आणा. टिकलं असेल तर ठीक, नाहीतर हे काम बंद."

पावसाळ्याआधी तिने ज्यांना ज्यांना हे मीठ वाटलं होतं, त्यांनी ते केव्हाच खाऊन संपवलं होतं. उरली होती ती आई. आणि आईने ते दागिन्यांशेजारी ठेवलेलं!

"तुझी आत्या म्हणाली होती, एवढं शिकून शेवटी मीठच! म्हणून येईल त्याला डबा उघडून दाखवत होते," आई पडेल आवाजात म्हणाली. "वाटोळं केलं का गं मी?"

आईचा तो चेहरा बघून लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. "कुणाला दिलं होतंस का थोडं?"

"त्या वादळकाकूला दिलं होतं वाटीभर. तेवढंच मिरवणं." शेजारणीचं हे नाव आईनेच पाडलेलं. "पण तिच्याकडे काय टिकतंय! त्या स्वयंपाकघरात माणूस टिकायचा नाही."

लेक चप्पल न घालताच धावली.

वादळकाकूंची मिठाची वाटी शेगडीला खेटून उघडीच होती. वर पातेल्याची वाफ, आत ओला चमचा, कडेला हळदीची बोटं.

"अगं, संपतच आलंय," काकू ओशाळल्या. "झाकण कुठे गेलं कोण जाणे."

"काकू, तुम्ही देवासारख्या भेटलात!"

मीठ ओलसर होतं, पण हळदीचा डाग सोडला तर पांढरंशुभ्र. लेकीने पर्समधली तपासणीची बाटली काढली. आयोडीन असेल तर थेंब पडताच मीठ जांभळं होतं. तिने थेंब टाकला आणि मीठ गर्द जांभळं झालं.

"आई गं!" ती ओरडली आणि काकूंच्या गळ्यातच पडली. काकूंना काही कळलं नाही, पण त्याही रडल्या.

नुसत्या रंगावर साहेब थोडेच भुलणार! सकाळी प्रयोगशाळेत काकूंच्या वाटीतल्या मिठाचं रीतसर मोजमाप झालं. आयोडीन जवळपास होतं तेवढंच होतं, लोहही जागच्या जागी. साहेबांनी आकडे दोनदा वाचले.

"एवढं नीट कुणी सांभाळलं हो?"

"कुणीच नाही, साहेब," ती ताठ मानेने म्हणाली. "म्हणून तर आणलं."

काम चालू राहिलं. संध्याकाळी ती बातमी सांगायला आईकडे गेली, पण दुपारी तिने काकूंना आभाराचा फोन केला होता, त्यामुळे आईला ती आधीच पोचलेली. कपाट सताड उघडं होतं. डबा शेगडीपाशी होता, झाकणाविना, आत ओला चमचा खुपसलेला.

"आई, निदान झाकण तरी लाव!"

"कशाला?" आईने पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. "माझ्या लेकीने केलंय ते."