पाठीवरचे ऊन

ऑकलंडच्या विमानतळावर सुचित्राबाईंच्या नावाची पाटी धरून जो उभा होता, तो गुरुनाथ नव्हता. लेकीने, ऋचाने, चालक म्हणून गुरुनाथचेच नाव कळवले होते. हॅमिल्टनच्या रुग्णालयात नर्स असलेल्या ऋचाला ड्यूटी सोडता येणार नव्हती, म्हणून तिने ही खासगी गाडी ठरवली होती. दीड तासाचा रस्ता, सरळ दक्षिणेला.

"मी चिराग, गुरुदादाचा मेहुणा. त्याची कंबर धरलीय. चला मावशी," तो म्हणाला. जूनच्या थंडीत त्याच्या पायांत नुसत्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, होत्या.

सुचित्राबाईंनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चौतीस वर्षे मोजमापे तपासली होती. एकट्या निरीक्षणावर निष्कर्ष उभा करायचा नाही, हे हाडीमाशी भिनलेले. माणसाची कंबर धरते, दुसरा माणूस येतो. त्या मागच्या सीटवर बसल्या. विमानतळाचे वायफाय सुटताच त्यांच्या भारतीय सिमच्या फोनला रेंज उरली नव्हती.

अर्ध्या तासाने चिरागने मोटरवे सोडला. पुढे अपघात झाला आहे, आतून काढतो, असे काहीसे तो पुटपुटला. मग पाट्या संपल्या. दोन्ही अंगांना उंच कुंपणे, गाई, आणि माणूस म्हणावे तर कोणी नाही. मध्येच त्याने फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हो, आहेत गाडीत. नाही, त्यांना काही कल्पना नाही." एका वळणावर ट्रॅक्टरसाठी गाडी थांबली तेव्हा सुचित्राबाईंनी दाराची कडी सहज ओढून पाहिली. दार उघडले नाही.

बदललेला माणूस, बदललेला रस्ता, न उघडणारे दार. प्रत्येकाला साधे स्पष्टीकरण असू शकते, असे त्यांनी स्वतःला बजावले. भीती हा पुरावा नव्हे, हे त्यांनी आजवर कितीजणांना सुनावले होते. तरी तोंड कोरडे पडले होते. मनगटावर बोट ठेवून त्यांनी नाडी मोजली. एकशे बारा.

आणि तेव्हाच मानेवरची ऊब त्यांच्या लक्षात आली. ऊन मागच्या काचेतून येत होते. घड्याळात साडेबारा. सुट्टीतल्या शिबिरांत त्यांनी शेकडो मुलांना सूर्य आणि घड्याळ यांवरून दिशा काढायला शिकवले होते. माध्यान्हीचा तिरपा सूर्य म्हणजे दक्षिण. सूर्य पाठीशी, म्हणजे गाडीचे तोंड उत्तरेला. हॅमिल्टन मागे चालले होते. माणूस खोटे बोलेल, सूर्य बोलत नाही. आता त्यांना घाम फुटला.

मळमळते आहे, कुठे तरी थांबव, असे त्यांनी शक्य तितक्या सपाट आवाजात सांगितले. दोन मैलांवर एकुलती एक डेअरी, म्हणजे इथले कोपऱ्यावरचे दुकान, लागली. चिरागने बाहेरून येऊन दार उघडले. "सॉरी मावशी, आमच्या ओवीसाठी चाइल्ड लॉक लावलंय, काढायचंच राहिलं." त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

दुकानात कांचनबेन नावाची पोक्त गुजराती बाई एकटीच होती. सुचित्राबाईंनी काउंटर दोन्ही हातांनी धरले आणि हिंदीतून, हलक्या आवाजात, एका दमात सांगितले: पोलिसांना फोन करा, हा माणूस मला हॅमिल्टनला नेतो म्हणून उलट्या दिशेला, उत्तरेला नेतो आहे.

कांचनबेनने फोन उचलला, पण नंबर लावण्याआधी बाहेर उभ्या गाडीकडे पाहिले. "गाडीचं तोंड तर हॅमिल्टनकडेच आहे. हा जुना रस्ता."

"अहो, ऊन मागून येतंय. दुपारी ऊन दक्षिणेचं असतं."

कांचनबेनने उन्हाने भरलेल्या खिडकीकडे हात केला. "नॉर्थ ती. म्हणून तर हे दुकान घेतलं मी, दिवसभर ऊन येतं. साउथला इथे शेवाळ धरतं, बेन."

सुचित्राबाईंच्या हातातले काउंटर एकदम गार लागले. विषुववृत्त आपण काल रात्री झोपेत ओलांडले, इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे त्यांना आत्ता कळत होते. माणूस, रस्ता, दार या तिन्ही गोष्टींना त्यांनी संशयाचा फायदा दिला होता. खात्री फक्त उन्हाचीच धरली होती.

"करू फोन?" कांचनबेनने विचारले.

त्यांनी मान हलवली, नको. पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर आल्या. पुन्हा नाडी मोजली, अजून शंभरावर होती. कारण गेले तरी भीती लगेच जात नाही, अशी त्यांनी मनाशी नोंद केली.

चिराग फोन कानाला लावून उभा होता. "घ्या, ऋचाच आहे. मघापासून विचारतेय. शिफ्ट बदलून घरी थांबलीय, तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण तुम्ही इतक्या पांढऱ्या पडलात की मीच लावला."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. दाराची कडी एकदा ओढून पाहिली. उघडले. पुन्हा लावले.

"आई, कुठे आहेस?" ऋचाने विचारले.

सुचित्राबाईंनी मागे वळून उन्हाकडे पाहिले.

"दक्षिणेकडे येते आहे," त्या म्हणाल्या. "तपासून सांगते आहे."