खाली नेणारा माणूस

शिंपीकाकांनी पडदा ओढला, पण तोवर दिसायचं ते दिसून गेलं होतं.

खाली क्लबच्या दारासमोर एक तरुण उताणा पडला होता आणि दार राखणारा पैलवान वाकून त्याचे गाल थोपटत होता. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते, रांग लागायला अजून अवकाश होता. तरुण लवकर आला होता, तोही पिऊन. दार उघड म्हणून त्याने हुज्जत घातली, पैलवानाच्या छातीवर बोट टोचलं आणि काहीतरी बोलून स्वतःच हसला. पैलवानाने एकच ठोसा दिला. फार जोराचाही नसेल. पण तरुण मागच्या मागे कोलमडला आणि त्याचं डोकं पदपथाच्या कडेवर आपटलं.

काकांनी बोटाने पडद्याची फट केली. पैलवानाने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. मग एक हात तरुणाच्या पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली घालून त्याला अलगद उचललं आणि शेजारच्या बोळात नेलं. परत आला तो रिकाम्या हातांनी. कोट झटकून तो दारात उभा राहिला.

काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला पडदा वीतभर तोकडा पडत असे. जगाचे कपडे बेतणाऱ्या माणसाच्या घरी हे असं, म्हणून त्या पूर्वी हसायच्या. आज त्या अजून खालीच पाहत होत्या.

"दिवा लावू?" काकांनी विचारलं.

पैलवान उभ्या जन्मात कधी आखाड्यात उतरला नव्हता. खांदे तेवढे दाराच्या चौकटीला घासतील असे होते, म्हणून गल्लीने त्याचं नाव पैलवान पाडलं. क्लबने दिलेला काळा कोट अंगात शिरेना, तेव्हा तो पहिल्यांदा काकांकडे जिने चढून आला. काकांनी खांद्याची शिवण उसवून कोट सैल करून दिला. पैशांचं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "राहू दे रे." पैलवानाने खिडकीकडे पाहिलं. अर्धांगवायूने काकूंची उजवी बाजू गेली होती आणि अर्धी वाचाही. इमारतीला लिफ्ट नव्हती. बोलावलेल्या दोन माणसांनी एकदा खाली नेताना त्यांचं डोकं कठड्यावर आपटलं होतं. तेव्हापासून काकूंनी खाली जायचं नावच टाकलं होतं. जग म्हणजे ती खिडकी.

"काकू, येताय का खाली?" पैलवानाने विचारलं होतं, जसं कुणी पोराला विचारावं.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी, रात्रभर दार राखून झाल्यावर, तो घरी जायच्या आधी वर येई. काकूंना दोन्ही हातांवर घेऊन खाली उतरे, मागून काका घडीची चाकाची खुर्ची घेऊन. आधी व्यायामाचं केंद्र, मग चौकातला बाक. काकू तिथे बसून लोकांचे कपडे पाहत, कुणाचं काय चुकलंय ते डोळ्यांनी काकांना दाखवत आणि तोंडाच्या एका कोपऱ्याने हसत. दुपारी पैलवान झोपमोड करून परत येई आणि त्यांना वर पोचवी. घरात पुन्हा दोन माणसं राहत असल्यासारखं काकांना वाटू लागलं होतं.

बोळातला तरुण सकाळी सापडला, तेव्हा तो थंड पडला होता. क्लबवाल्यांनी सांगितलं, दारू पिऊन पडला असेल. पोलिसांनी बोळातल्या कचऱ्याच्या पिंपांच्या मागे पाहिलं, दोन-चार लोकांना विचारलं आणि ते गेले. वरच्या मजल्यांपर्यंत कुणी चढलं नाही. काकांना जरासं हायसं वाटलं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

मग त्या तरुणाची बहीण आली.

ती दारोदार फिरत होती. काकांच्या दारात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. केसांना धुलाईच्या साबणाचा वास, हात पाण्याने पांढरे पडलेले. काकांनी तिला पाणी दिलं. तिने उभ्यानेच प्यायलं.

"तो प्यायचा, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "त्यावरून आमची रोज भांडणं. पण पडला की पाडला, एवढंच विचारतेय. डॉक्टर म्हणाले, रात्री बराच वेळ जीव होता त्याच्यात. कुणी हाक मारली असती तरी..."

तिची नजर खिडकीकडे गेली, खिडकीतून खाली क्लबच्या दारावर.

"इथून दिसत असेल ना सगळं?"

"आम्ही लवकर झोपतो," काका म्हणाले. "पडदा लावलेला असतो."

तिने मान हलवली. पेला दोन्ही हातांनी परत दिला. जाताना काकूंच्या पायांवरची घसरलेली शाल तिने सहज वर ओढली आणि म्हणाली, "जपा, काकू."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. काकांनी पेला विसळला. पुसला. मग उगाचच पुन्हा विसळला.

"खोटं," काकू म्हणाल्या.

"अगं, तिचा भाऊ काही परत येणार आहे का?" काका मोरीशी पाठ करूनच बोलले. "पैलवान मुद्दाम मारायला गेला नव्हता. आणि तो गेला तर तू... तुला कळतंय का, तो गेला तर काय होईल?"

काकूंचे ओठ शब्दांची जुळवाजुळव करू लागले. काका थांबले. पूर्वी काकूंपुढे बोलायची सोय नसे, इतकी ती बाई तडातडा बोलायची.

"तसाच... उचलला," त्या म्हणाल्या. "माझ्या... सारखा. आणि... टाकला."

त्या रात्री खालून क्लबमधल्या गाण्याचा ठोका भिंतीत घुमत राहिला. काका अंथरुणात टक्क जागे होते. शेजारी काकूही जाग्या आहेत हे त्यांना श्वासावरून कळत होतं. बोळात पडल्या पडल्या त्या तरुणालाही हाच ठोका ऐकू आला असेल, असं मनात आलं आणि ते उठून बसले.

गुरुवारी पैलवान आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. कोट त्याने दाराबाहेरच काढून कठड्यावर टाकला. काकूंना तो काळा कोट बोचतो, हे त्याला ठाऊक होतं.

"चला, काकू. धरा गळा."

काकू त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डावा हात त्याच्या मानेभोवती टाकला. काकांनी खुर्ची घडी करून काखेत मारली, दाराला कुलूप लावलं आणि ते मागोमाग उतरू लागले.

एक मजला उतरल्यावर काकूंनी तोंड त्याच्या कानाशी नेलं. शब्द काकांना ऐकू आले नाहीत, पण ते जुळवायला काकूंना किती वेळ लागतोय ते दिसलं. पैलवान जागच्या जागी थिजला. त्याच्या मानेची शीर फुगली. आपल्या अंगात तिला झेलायचीही ताकद नाही, हे काकांना त्याच क्षणी पुरतं कळलं.

"पैलवान," ते कसेबसे म्हणाले.

तो वळला नाही. काकूंना त्याने हातांवर जरा सावरून घेतलं आणि पुढची पायरी उतरला. मग त्याच्या पुढची. आज तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता.

खाली काकांनी खुर्ची उघडली. खटका बसेना, तो पैलवानानेच बसवला. काकूंना बसवून त्याने त्यांचा निर्जीव पाय उचलून पट्टीवर ठेवला.

"काकू चौकीवर जायचं म्हणतायत," तो पायाकडेच पाहत म्हणाला. "पोलिस चौकीवर."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या समोर, उघड्या दारातून रस्त्याकडे पाहत होत्या.

"हो," काका म्हणाले. "मीही सांगणार आहे. मीही पाहिलंय."

पैलवान गुडघ्यांवरच होता. बाहेर कुणीतरी क्लबसमोरची फरशी धूत होतं. पाणी दारापर्यंत वाहत आलं.

"मग दुपारी वर कोण आणणार तुम्हाला?" त्याने विचारलं.

तो उठला आणि खुर्चीला वाट देऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काकांनी खुर्ची ढकलली, तेव्हा तो मागून हळूच म्हणाला,

"काका, जो कुणी येईल त्याला सांगून ठेवा. वळणावर काकूंचं डोकं आतल्या बाजूला घ्यायचं. कठडा बाहेर आलाय तिथे."