भावापुरते खरे

आमचा धाकटा लुईस घरात बोलतो आणि कचेरीत तोंड शिवून बसतो, ही त्याची खोड मला मुळीच खपत नाही. डोंगरावरच्या पावसाच्या रडारावर तो कामाला आहे. गेल्या महिन्यातल्या वाऱ्याने तिथल्या अँटेनाची मोठी तबकडी जराशी फिरली. तेव्हापासून ढग असतो एकीकडे आणि चित्रात दिसतो भलतीकडेच. साहेब ओरडेल म्हणून ह्याने वर कळवलेच नाही. होडीवर जाणाऱ्या थोरल्या ज्युडला मात्र वादळाच्या दिवशी सकाळी फोन केला, “चित्रात दिसता त्याच्या दक्षिणेक वादळ समज.”

ज्युड होडी घेऊन वेळेत परतला. शेजारच्या काशीबाईचा गुरुदास मात्र बंदरावर लागणाऱ्या त्याच चित्रावर विसंबून थेट वादळात शिरला. जीव वाचला, जाळी गेली.

रात्री लुईस जेवायला बसला. “वर कळवलंस?” म्हणत मी त्याच्यापुढचे ताट उचलले.

“मांय, सूर्याची जागा पक्की ठावक असता, तेच्यावर नेम धरून तबकडी सरळ करूची लागतली. तवसर रडार बंद. साहेब ओरडतलो.”

“ओरडूं दे! उद्या बंद कर, आणि चित्र वाकडा आसा म्हणून सगळ्या होड्यांक कळव. भावाक सांगलंस आणि बंदरापासून लपवलंस, ता खरा न्हय रे लुईस, ती चोरी!”