भूगोल विभागाची वाट मी सांगतो

मी एक जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या फाटकाशी उभे राहून भूगोल विभागाची वाट सांगणे हा माझा धंदा. भूगोलाचाच पत्ता लोकांना सापडत नाही, याला हसू नका. आम्ही त्यावर पुष्कळ हसून घेतले आहे.

नकाशे काढायच्या एका मोडक्या टेबलातून माझा जन्म झाला. सुताराने रंधा मारला, रंगाऱ्याने पिवळा हात दिला आणि तेव्हाच्या विभागप्रमुखांनी मजकूर पाठवला : 'फाटकापासून नैर्ऋत्येस दोनशे दहा मीटर.' रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"साहेब, नैर्ऋत्य कुठे असते हे लोकांना कळत असतं, तर ते चुकले कशाला असते?"

मग विभागाच्या शिपाईमामांना बरोबर घेऊन तो फाटकातून स्वतः चालत गेला आणि जे दिसले तेच त्याने माझ्यावर लिहिले : 'उजव्या हाताला वळा. पाण्याची टाकी येईल, तिला वळसा घाला. पुढे दोन जिने दिसतील. रुंद जिना सोडा, अरुंद चढा. दम लागला की विभाग आला.'

वीस वर्षे मी एकही माणूस चुकू दिला नाही. एका आजोबांनी तर चष्मा पुसून मला दोनदा वाचले आणि 'शहाणा आहेस' म्हणून थोपटले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो.

पण नव्याची नवलाई मोठी. नवे विभागप्रमुख आले आणि माझ्या जागी काचेतला रंगीत नकाशा लागला. दिसायला देखणा, पण फक्त भूगोलवाल्यांनाच जमेल अशी चूक त्यात होती. नकाशात उत्तर दिशा वर असते. आमचे फाटक उत्तरेला, म्हणजे आत येणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडे. नकाशात डावीकडे दिसणारा विभाग प्रत्यक्षात उजव्या हाताला! पाहुणे बिचारे डावीकडे वळत आणि थेट छापखान्यात पोचत.

"साहेब, लोक उलट्या बाजूला जातायत," मामा म्हणाले.

"मामा, उत्तर वरच असते," साहेब म्हणाले. विषय संपला. मी अडगळीच्या खोलीत गेलो आणि माझ्या छातीवर चहाची किटली आली. तिचे गोल डाग अजून आहेत.

अशी दोन वर्षे गेली. विभागात एक विद्यार्थिनी होती. चणीने लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. सात वर्षे खपून तिने प्रबंध लिहिला होता. तिच्या तोंडी परीक्षेचा तो दिवस, आणि तिची मुदत संपण्याचाही तोच. परीक्षा त्या दिवशी झाली नाही, तर सात वर्षे पाण्यात. परीक्षा घ्यायला बाहेरगावच्या नामांकित बाई येणार होत्या आणि दोनच्या गाडीने परतणार होत्या. कोणी घ्यायला येऊ नका, असे त्यांनी बजावले होते. "नकाशांवर आयुष्य काढलंय मी. माझी मी येईन." एवढे बोलून त्यांनी फोन बंद केला.

दहाची वेळ होती. अकरा वाजले तरी बाईंचा पत्ता नाही, फोनही बंद. साहेब येरझारा घालू लागले. चिमणी हातातले कागद पुन्हा पुन्हा चाळत होती. "मामा, माझं काही खरं नाही," ती म्हणाली.

मामा तडक अडगळीत शिरले. किटली उचलली, मला खांद्यावर टाकले आणि फाटकाकडे पळत सुटले. वाटेत हाश्शहुश्श करत म्हणाले, "हुशार माणसं चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. बाई फाटकाशीच येणार!"

आणि बाई आल्याच! छापखान्याच्या दोन फेऱ्या करून, घामाघूम, कपाळावर आठ्या घेऊन. आयुष्यभर त्यांनी टेबलावर नकाशे वाचले होते; नकाशा पाहून चालायची वेळ कधी आली नव्हती.

"मला रस्ता दाखवायला यायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"मी कुठे दाखवतोय, बाई? हा दाखवतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी मला पुढे धरले.

बाईंनी मला वाचले. शेवटच्या ओळीला त्या खुदकन हसल्या आणि उजवीकडे वळल्या. टाकी, जिना, विभाग! सात मिनिटे लागली. परीक्षा झाली, चिमणीने एकेका प्रश्नाला चोख उत्तर दिले, आणि दीडच्या आत ती डॉक्टर झाली. टाळ्या मला फाटकापर्यंत ऐकू आल्या. मित्रांनो, त्यातली एक तरी टाळी माझी होती, असे मी मानतो.

निघताना बाई साहेबांना म्हणाल्या, "उत्तर वर असते, कबूल. पण पाहुणा कुठे तोंड करून उभा आहे, ते कोण बघणार?" त्याच संध्याकाळी साहेबांनी स्वतःच्या हाताने मला पुन्हा फाटकाशी ठोकले. एक खिळा वाकडा गेला, पण तो मला दागिन्यासारखा वाटतो.

मित्रांनो, कोणाला वाट सांगाल तेव्हा त्याच्या शेजारी, त्याच्या तोंडाच्या दिशेने उभे राहून सांगा. आणि माझ्यासारख्या फलकाची अक्षरे पुसट दिसली, तर त्यांवरून एकदा ब्रश फिरवा. कोणाची तरी सात वर्षे आमच्या एका ओळीवर टांगलेली असतात.